ॲलर्जी टेस्टच्या रिपोर्टात गहू, दूध, शेंगदाणा सगळंच पॉझिटिव्ह आलंय, पोरीला खायला काय देऊ?

निशिगंध_१२

नमस्कार, जरा मोठं झालंय पण वाचा प्लीज.

मुलगी आठ वर्षांची, पुण्यात सिंहगड रोडला राहतो. गेली दोनेक वर्षं सकाळी डोळे उघडले की शिंका सुरू, एकामागून एक, थांबतच नाहीत. नाक तळहाताने वर घासायची इतकी सवय लागलीये की नाकावर आडवी रेघ पडलीये. डोळे खाजतात, रात्री तोंड उघडं टाकून झोपते आणि चक्क घोरते. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या साफसफाईत कहर होतो, पण आमच्या गावाला, माण तालुक्यात, गेलो की चार दिवसांत नाक मोकळं. ताप नाही, पिवळा शेंबूड नाही. डॉक्टर लिव्होसेट्रिझिन + माँटेलुकास्टचं सिरप देतात, चालू असतं तोवर बरं, बंद केलं की येरे माझ्या मागल्या.

मैत्रीण म्हणाली एकदाची ॲलर्जी टेस्ट करून टाक, कळेल तरी कशाने होतंय. एका लॅबची ऑफर चालू होती, घरी येऊन रक्त घेऊन गेले, खाण्यातले आणि हवेतले मिळून भलीमोठी यादी. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. डस्ट माइट क्लास ४, झुरळ क्लास २, कोळंबी क्लास २, मग गहू १, दूध १, शेंगदाणा १, हरभरा १. टोटल आयजीई ६४०. सोबत डाएट चार्ट, की हे सगळं सहा महिने बंद. हरभरा बंद म्हणजे बेसन बंद, डाळं बंद, पुरणपोळी तर बघायलाच नको.

आता गंमत अशी की ही पोरगी रोज पोळी खाते, दूध पिते, शेंगदाण्याची चटणी नसेल तर भाकरीला हात लावत नाही, आणि आजवर हे खाऊन तिला काही म्हणजे काही झालेलं नाही. कोळंबीचं तर विचारूच नका, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, कोळंबी तिने चित्रात पाहिली असेल. साबा (सासूबाई) म्हणतायत फेकून दे तो कागद, नवरा म्हणतोय छापून आलंय म्हणजे काहीतरी असेलच, आणि मी रोज सकाळी डब्यासमोर उभी. हे सगळं खरंच बंद करायचं का? आणि ती हातावर टोचून करतात ती टेस्ट जास्त खरी असते का, लहान मुलांना दुखतं का, त्याआधी सिरप बंद करावं लागतं का? ज्यांनी केलीये त्यांनी सांगा.


खवट_खोबरं

आमच्या लहानपणी कसली टेस्ट आणि कसलं काय. मातीत लोळलो, विहिरीचं पाणी प्यालो, शिंका आल्या तर आजी सुंठ उगाळून कपाळाला लावायची. हल्ली मुलं एसीत वाढतात त्याचे हे परिणाम. रात्री हळद घालून दूध द्या आणि तो रिपोर्ट विसरा.


निशिगंध_१२

काका, दूधच बंद करायला सांगितलंय हो त्यांनी :) आणि एसी नाहीये आमच्याकडे.


येऊरचा_वारा

ताई, आमच्या मुलाची स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे तीच हातावर टोचून करतात ती, झालीये, तेव्हा तोही साधारण तुमच्या मुलीच्याच वयाचा होता, म्हणून डिटेलमध्ये लिहितो.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिथेच लोकांची फेरी फुकट जाते. सिरपमधलं लिव्होसेट्रिझिन बंद करावं लागतं, आम्हाला सात दिवस आधी सांगितलं होतं. नुसतं माँटेलुकास्ट चालतं, पण ते आपल्याकडे बहुतेक वेळा जोडगोळीतच येतं, ते एलसी लिहिलेलं असतं ना त्यातलं एल सी म्हणजे तेच लिव्होसेट्रिझिन. आणि फक्त ॲलर्जीचीच औषधं नाही, मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी, खोकल्याचं सिरप, ॲव्हिल, या सगळ्यात तसलंच काहीतरी असतं. आमच्या आधी एक बाई मुलाला घेऊन आलेल्या, आदल्या रात्री शिंका बघवेनात म्हणून आजीने सर्दीचं सिरप पाजलेलं, टेस्ट झाली आणि हातावर काहीच उठलं नाही, जिथे उठायलाच पाहिजे तिथेही नाही. पुढची तारीख देऊन परत पाठवलं. नाकातला स्प्रे आणि इनहेलर आम्हाला बंद करायला सांगितले नव्हते. पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, आधी विचारा.

आता प्रत्यक्ष टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मधे, पेनने आकडे काढले. प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब. मग छोटी टोकदार काडी येते, प्रत्येक थेंबाला नवीन, ती थेंबातून कातडीवर टेकवून हलकेच दाबायची. इंजेक्शन नाही, रक्त येत नाही. पोरगा पहिल्या टोचणीला "आई" म्हणाला आणि मग मोजायला लागला. दुखण्याचं काही नाही, खरा छळ नंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत, कारण खाज सुटते आणि खाजवायचं नाही. मोबाईल हातात दिला, ज्या मोबाईलवरून घरी एरवी युद्ध चालतं तो त्या दिवशी मी स्वतः दिला.

दोन थेंब खास असतात. एक हिस्टामिनचा (ॲलर्जीत शरीर जे सोडतं आणि ज्याने खाज-गांधी येते ते), त्याला प्रत्येकाला गांधी यायलाच हवी, आणि एक साध्या सलाइनचा, त्याला यायला नको. हिस्टामिनची आली नाही तर समजायचं शरीरात औषध आहे, टेस्ट बाद. सलाइनचीही आली तर समजायचं हिची कातडी नुसत्या टोचण्यानेच फुगते, तेव्हाही भरवसा नाही. मग पट्टीने प्रत्येक गांधी मिलिमीटरमध्ये मोजतात, सलाइनपेक्षा ३ मिमी किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात. आमच्या डॉक्टरांनी गांधीभोवती पेनने रेघ मारून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, तिच्यावर ठसा घेतला आणि तो कागदावर चिकटवून फाइलला लावला. मुलाला ते फार आवडलं, शाळेत दाखवायला मागत होता.

खर्च किती थेंब लावतात त्यावर असतो, आधी फोन करून विचारा, आणि "सगळ्याच करून टाका" असं म्हणू नका, डॉक्टरांना निवडू द्या.


कानघसा

कानाघशाचाच डॉक्टर आहे, अर्धी ओपीडी याच नाकांची असते म्हणून लिहितोय. पेशंट न बघता औषध सांगणार नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो.

रक्ताची ही टेस्ट एवढंच सांगते की अमुक गोष्टीविरुद्ध शरीराने आयजीई नावाच्या अँटिबॉडी बनवून ठेवल्यात. त्या असूनही जन्मभर काही होत नाही असे लोक ढिगाने आहेत. आजार आहे की नाही हे पेशंटच्या कहाणीवरून ठरतं. खाण्याची ॲलर्जी म्हणजे तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलट्या, दम लागणं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तेच. तुमची मुलगी पोळी, दूध, शेंगदाणे रोज खाते आणि तिला काही होत नाही. याहून मोठी टेस्ट लॅबमध्ये नाही. आम्हालासुद्धा जेव्हा शंका असते तेव्हा शेवटी हॉस्पिटलात समोर बसवून थोडा थोडा पदार्थ खायला घालूनच खात्री करतो, तुमच्याकडे ती रोज जेवणाच्या ताटात होतेय.

क्लास १ म्हणजे ०.३५ ते ०.७, म्हणजे मोजपट्टीची पहिली पायरी. ज्या मुलांचं टोटल आयजीई जास्त असतं त्यांच्यात असे किरकोळ पॉझिटिव्ह पुष्कळ येतात. गव्हाचं तर असं की गहू हे शेवटी गवतच, गवताच्या परागकणांविरुद्धच्या अँटिबॉडी गव्हालाही थोड्या चिकटतात, पोळीशी त्याचा काही संबंध असेलच असं नाही. आणि ते ६४० बघून घाबरू नका, टोटल आयजीई जंतांनी वाढतं, इसबाने वाढतं, दम्याने वाढतं, नुसत्या त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. तो नॉर्मल आला म्हणून ॲलर्जी नाही असंही नसतं.

कोळंबी. न खाता पॉझिटिव्ह कशी, हे ओपीडीत शाकाहारी घरातले लोक हमखास विचारतात, काहींना तर संशय येतो की पोराने बाहेर काय खाल्लं. तसं काही नाही. ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रोटीन कोळंबीत असतं, झुरळात असतं आणि धुळीतल्या माइटमध्येही असतं, तिघांचं जवळपास सारखं. माइट आणि झुरळाविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी टेस्टमध्ये कोळंबीलाही ओळखतात. तुमच्या रिपोर्टात माइट ४ आणि झुरळ २ आहे, कोळंबी त्यांच्या मागून आलीये.

उरला माइट, आणि तो मात्र कहाणीशी जुळतोय. सकाळी अंथरुणातच शिंका, पावसाळ्यात जास्त, साफसफाईत जास्त, माणच्या कोरड्या हवेत बरं. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, गादी-उशीत राहतात, आपल्या कातडीचा कोंडा खातात आणि त्यांना दमट हवा लागते. म्हणजे रिपोर्टातली एक ओळ कामाची आहे, बाकीच्या यादीने तुमची झोप उडवलीये. कहाणी आधी ऐकून त्यातल्या संशयितांचीच टेस्ट केली असती तर ती यादी आलीच नसती. हे तुम्हाला नाही बोलत, पॅकेज विकणाऱ्यांना बोलतोय. डाएट चार्ट तर कॉम्प्युटर आपोआप छापतो, तो लिहिणाऱ्याने मुलगी बघितलेली नाही.

खाणं उगाच बंद करण्यात तोटाही आहे. एक तर वाढीच्या वयात दूध-डाळी-शेंगदाणे काढले तर उरतं काय. दुसरं, जे पचतंय ते बरेच महिने बंद ठेवून परत दिल्यावर खरी रिॲक्शन आल्याच्या नोंदी आहेत, खास करून इसब असलेल्या मुलांत. २०१५ साली इंग्लंडमधला लीप नावाचा अभ्यास आला, त्यात जास्त धोका असलेल्या तान्ह्या बाळांना लवकर शेंगदाणा भरवायला सुरुवात केली तर पाच वर्षांची होईपर्यंत त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी न भरवलेल्यांपेक्षा कितीतरी कमी निघाली. त्याआधी कित्येक वर्षं उलटा सल्ला दिला जायचा.

टोचून करायची टेस्ट आणि रक्ताची टेस्ट, दोन्ही एकच गोष्ट वेगळ्या रस्त्याने शोधतात. टोचणीची स्वस्त पडते, लगेच कळते, पण औषध थांबवावं लागतं, दमा भडकलेला असताना करत नाहीत, आणि करायची तर जिथे ॲड्रिनलिन (मोठ्या रिॲक्शनला द्यायचं इंजेक्शन) हाताशी आहे आणि ते कधी द्यायचं हे कळणारा माणूस आहे तिथेच. रक्ताच्या टेस्टला औषध चालू असलं तरी फरक पडत नाही. तुम्हाला परत टोचणी लागेलच असं नाही, पुढे इम्युनोथेरपीचा (ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायचा उपचार) विचार असेल तर डॉक्टर करायला सांगतील.

आणि घोरणं सोडून देऊ नका. ॲडिनॉइड (नाकाच्या मागे असणाऱ्या गाठी) वाढलेत का ते बघून घ्या. सिरप बंद केल्यावर परत तेच होतं यात नवल नाही, सिरप शिंका दाबतं, नाक चोंदण्यावर त्याचा जोर कमी. त्याला नाकातला स्टेरॉइड स्प्रे जास्त चांगला, पण स्टेरॉइड म्हटलं की आयाबाया दचकतात आणि चार दिवस मारून फरक नाही म्हणून कपाटात ठेवतात. त्याला पूर्ण लागू व्हायला एक-दोन आठवडे जातात.


बांगडा_फ्राय

डॉक्टर, कोळंबीचा विषय निघालाच आहे तर माझं सांगतो. मी मालवणचा, जन्मापासून मासे खातोय. हल्ली कोळंबी खाल्ली की ओठ जाड होतात, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, मागच्या वेळी अंगभर गांधी आणि आवाज घोगरा झाला. बांगडा, सुरमई कितीही खा, काही नाही. रक्ताची टेस्ट केली तर कोळंबी निगेटिव्ह! बायको म्हणते नाटकं करताय. आता निगेटिव्ह आली म्हणजे खाऊ का? थोडी थोडी खाऊन सवय करावी असं भावाचं म्हणणं. काय ता सांगा.


कानघसा

@बांगडा_फ्राय: खाऊ नका. घरी प्रयोग तर अजिबात नको. तुमची कहाणी इतकी स्पष्ट आहे की कागद काय म्हणतो त्याला दुसरा नंबर. टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि मोठी रिॲक्शन येऊन गेल्यावर लगेच केली तरी निगेटिव्ह येऊ शकते, चार-सहा आठवडे थांबून करावी लागते. ॲलर्जीवाल्यांकडे जा, ते ताज्या कोळंबीत काडी बुडवून तीच हातावर टोचून बघतात, तयार बाटलीतल्या अर्कापेक्षा ती कधीकधी जास्त सांगते. कुर्ली, शेवंड हे पण त्याच जातकुळीतले, ते विचारूनच. मासे वेगळे, त्यांचं प्रोटीन वेगळं, बांगडा चालू ठेवा.

आवाज घोगरा होणं, दम लागणं, चक्कर यातलं काही झालं तर सेट्रिझिन गिळून वाट बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल, तिथे मांडीत ॲड्रिनलिन देतात. परदेशात पेनासारखं स्वतः मारायचं इंजेक्शन लोक खिशात ठेवतात, आपल्याकडे ते सहजी मिळत नाही, म्हणून कुठल्या दवाखान्यात रात्रीही मिळेल हे आधीच माहीत करून ठेवा. बीपीची गोळी कुठली चालू आहे तेही सांगा त्यांना, बीटा ब्लॉकर असेल तर ॲड्रिनलिन नीट लागू पडत नाही.


चक्रम_चंदू

माझा अनुभव उलटा, म्हणून लिहितो. मला महिनोन् महिने अंगावर पित्त उठायचं. संध्याकाळी हमखास, पट्ट्याखाली, दंडावर, लाल गांधी, रात्रभर खाज आणि सकाळी अंग स्वच्छ. आईने आमसुलाचं पाणी चोळलं, वांगं बंद, तूर बंद, आंबवलेलं बंद. मग मी पण असंच मोठं पॅकेज केलं, त्यात जे जे आलं ते बंद केलं. वजन उतरलं, पित्त उठायचं ते उठतच होतं. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले सहा आठवड्यांच्या वर रोज उठतंय आणि खाण्याशी वेळेचा मेळ नाही, तर ही ॲलर्जी नाहीच, शरीर आतूनच हिस्टामिन सोडतंय, ॲलर्जीची टेस्ट यात उपयोगाची नाही. थायरॉइडच्या अँटिबॉडी आणि साध्या एक-दोन रक्ताच्या तपासण्या केल्या, आणि झोप न आणणारी अँटिहिस्टामिन रोज, उठो न उठो, ठरलेल्या वेळी. डोस हळूहळू वाढवला आणि नंतर तसाच हळूहळू उतरवला. आता वांग्याचं भरीत खातो. आमसुलाने बरं वाटायचं हे मात्र खरं, गार लागतं म्हणून असेल.


तांबडी_टिकली

इथे सगळे नाकाचं आणि खाण्याचं बोलतायत, कातडीच्या ॲलर्जीची तिसरीच टेस्ट असते ती पण लिहून ठेवते, कुणाला शोधताना सापडेल. पॅच टेस्ट. मला कानाच्या पाळ्या, मान आणि घड्याळाच्या बकलाखाली चट्टे यायचे, आणि कपाळावर टिकलीच्या जागी आधी खाज आणि मग पांढरा डाग. यात रक्ताची किंवा टोचायची टेस्ट काही सांगत नाही, कारण ही ॲलर्जी त्या आयजीईवाली नाही, एक-दोन दिवसांनी उमटणारी आहे.

पाठीवर बारक्या डब्यांच्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक डबीत एक एक पदार्थ. निकेल, केस काळे करायच्या डायमधलं पीपीडी, सिमेंटमधलं क्रोमेट, सुगंध, रबर, चिकटवायचे गोंद, असं बरंच. भारतासाठीची वेगळी ठरलेली मालिका आहे. पट्ट्या ४८ तास ठेवायच्या, पाठ ओली करायची नाही, घाम आणायचा नाही, मी हे मे महिन्यात सोलापुरात केलं, यावरून ओळखा. दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघतात आणि परत चौथ्या दिवशीच्या आसपास बघतात, दुसरी भेट लोक टाळतात पण माझं निकेल त्या दुसऱ्या भेटीतच नीट उमटलं. टिकलीचं म्हणाल तर चिकट टिकलीच्या गोंदात एक रसायन असतं त्याने रंग जातो, मी आता ओलं कुंकू लावते. खोटे दागिने बंद, मंगळसूत्र सोन्याचं आहे ते चालतं.

वडिलांचं वेगळंच. शेतात जायचे, पापण्या, मान, कोपराचा आतला भाग, जे जे उघडं ते सगळं जाड आणि काळं पडायचं, हिवाळ्यात जरा कमी. सगळे म्हणायचे उन्हाने होतंय. पॅच टेस्टमध्ये गाजर गवत निघालं. हे गवत महाराष्ट्रात पहिल्यांदा पुण्यातच ठळक दिसलं, १९५५-५६ च्या सुमारास, आता कुठलं माळरान त्याच्याशिवाय दिसत नाही. हाताने उपटायचं नाही, आणि वाळलेलं जाळायचं तर अजिबात नाही, धुराने घरभर भोगावं लागतं.


खवट_खोबरं

गाजर गवताचं खरं आहे. आमच्या सोसायटीमागच्या प्लॉटवर माजलंय. महापालिकेला चार पत्रं दिली.

एक विचारतो. ऑक्टोबरात सप्तपर्णी फुलली की संध्याकाळी डोकं धरतं, नाक वाहतं. त्याची टेस्ट असते का?


कानघसा

काका, उग्र वासाने डोकं धरणं आणि नाक वाहणं बऱ्याच जणांना होतं, उदबत्तीने, फोडणीच्या ठसक्याने, अत्तराने होतं तसंच. ती नाकाची चिडचिड, त्यात आयजीईचा संबंध नसतो, म्हणून टेस्टमध्ये काही दिसत नाही. सप्तपर्णीचे परागकण मुख्यतः किडे नेतात, वाऱ्यावर मैलोगणती उडणारे ते नव्हेत. तेवढे दिवस संध्याकाळी त्या बाजूच्या खिडक्या लावून बघा.


श्टुटगार्टकर

पुण्यात असताना मला शिंक माहीत नव्हती. इथे जर्मनीत तिसऱ्या वसंतात बर्चच्या झाडांनी गाठलं, मार्च-एप्रिलला गाडीच्या काचेवर पिवळी पूड बसते तीच. त्यात वर सफरचंद खाल्लं की ओठ आणि टाळू खाजायला लागली. टेस्टमध्ये बर्च मोठ्ठं आलं आणि डॉक्टरीण हसून म्हणाली सफरचंदाचं वेगळं काही नाही, बर्चसारखंच प्रोटीन सफरचंदात आहे, शिजवलं की मोडतं. खरंच, केकमधलं सफरचंद चालतं, कच्चं नाही. वर कोळंबी-माइटचं वाचून हेच आठवलं. बाय द वे ताई, कुणी आयजीजी टेस्ट किंवा केसाच्या नमुन्यावरून फूड इनटॉलरन्स सांगतो म्हणालं तर लांब राहा, मला इथल्या मराठी ग्रुपवर दोघांनी पाठवलं होतं.


कानघसा

+१. आयजीजी म्हणजे तुम्ही काय खाता त्याची नोंद. रोज भात खाणाऱ्याला भाताची येणारच. युरोप, अमेरिका, कॅनडा तिन्हीकडच्या ॲलर्जीच्या संघटनांनी खाण्याच्या ॲलर्जीसाठी ती करू नका असं लिहून ठेवलंय. केसांवरून तर काहीच कळत नाही.


निशिगंध_१२

सगळ्यांचे खूप आभार, अपडेट देते. मुलांच्या ॲलर्जी बघणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. रिपोर्ट त्यांनी एक नजर टाकून मिटवला आणि भरपूर वेळ प्रश्नच विचारले. कुठे झोपते, गादी कसली, भिंतीला ओल आहे का, घरात कबुतरं येतात का, कोण सिगारेट ओढतं का, बाबांना दमा आहे का (सासऱ्यांना होता). मग टोचणीची टेस्ट हवेतल्या थोड्याच गोष्टींची केली, खाण्याचं एकही नाही. माइटच्या दोन जाती मोठ्या आल्या, झुरळ बारीक, बुरशी आणि परागकण काही नाही. लेक रडली नाही, हिस्टामिनच्या गांधीचं नाव तिने "लाडू" ठेवलं. नवऱ्याने स्वतः डोळ्यांनी बघितल्यामुळे त्याचाही कागदावरचा विश्वास उडाला, डाएट चार्ट रद्द, साबांनी त्याच संध्याकाळी बेसन भाजायला घेतलं.

स्प्रे सुरू केलाय. तो मारायचा कसा हे आम्हाला नीट दाखवलं त्यांनी: मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर त्याच बाजूच्या कानाकडे, आणि जोरात आत ओढायचं नाही. मेडिकलवाल्याने सांगितलेलं याच्या बरोब्बर उलट होतं. ॲडिनॉइड थोडे मोठे आहेत, स्प्रेने काय होतंय ते बघून ठरवू म्हणाले.

घरात बदल म्हणजे झाडू मारताना ती खोलीत नसते आणि शक्यतो ओल्या फडक्यानेच पुसतो, कापसाची जुनी गादी काढली, बेडवरचे सॉफ्ट टॉइज दोन ठेवून बाकीचे गेले (यावर मोठी बैठक झाली), चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० डिग्रीवर. माइटप्रूफ कव्हरं ऑनलाइन बघतेय पण फार महाग आहेत, घ्यावीत का? आणि इम्युनोथेरपीबद्दल त्यांनी सांगितलं, जिभेखाली थेंब किंवा इंजेक्शन, तीन वर्षं तरी, नवरा एवढी वर्षं म्हटल्यावर गप्प झालाय. कुणी केलीये का?


येऊरचा_वारा

आमच्याकडे इंजेक्शनवाली चालू आहे. सुरुवातीला दर आठवड्याला, मग महिन्याला. प्रत्येक वेळी टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसवतात, त्याला नाही म्हणायचं नाही. पहिलं वर्ष सरता सरता फरक जाणवला, त्याच्या आधी आम्ही दोनदा सोडायच्या बेतात होतो. थेंब घरी घेता येतात पण रोज आठवणीने, सुट्टीला गेलो की विसरतं, म्हणून आम्ही इंजेक्शन निवडलं. जे घराला जमेल ते.


कानघसा

कव्हरांबद्दल: २००३ साली एकाच महिन्यात दोन मोठे अभ्यास छापून आले, एक मोठ्या माणसांच्या दम्यावर, एक माइटच्या सर्दीवर, दोन्हीत नुसती कव्हरं घालून त्रास कमी झाला नाही. म्हणून एकट्या कव्हरावर पैसे घालू नका. बाकीचं सगळं करताय, हात सढळ असेल तर घ्या, नसेल तर तेच पैसे खोलीची ओल काढण्यात घाला. झुरळांना फवारणीपेक्षा जेल लावा, फवाऱ्याने तिचंच नाक चिडेल.

इम्युनोथेरपीची घाई नाही. आधी स्प्रे तीनेक महिने नीट मारून बघा, येत्या पावसाळ्यात काय होतं ते बघा. घेतलीत तर माइटचीच घ्या. सगळ्या पॉझिटिव्ह गोष्टी एका बाटलीत मिसळून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना तेवढं विचारा की यातली कुठली गोष्ट हिला त्रास देते.


बांगडा_फ्राय

मी पण जाऊन आलो. ताजी कोळंबी डब्यातून घेऊन गेलेलो, ओपीडीत सगळे वास घेत बघत होते. टोचल्यावर गांधी हिस्टामिनपेक्षा मोठी. बायकोला फोटो पाठवला. कुर्ल्या पण बंद सांगितल्यात, त्याचं जास्त वाईट वाटतंय.